जिनिंगमधले दोन कॉम्प्युटर: चिकटलेला प्रोसेसर सोडवण्याच्या नोंदी

१४ मे, धरणगाव

जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, बंद आहे. आखाजीला गावी गेलेले मजूर आता पावसाळा संपल्यावरच येतील, म्हणून नानांनी दोन्ही कॉम्प्युटर माझ्या ताब्यात दिले. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या लागायला लागल्या की या मशीनना हातही लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पहिला ऑफिसमधला. रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा बोर्ड, प्रोसेसरसोबत आलेला रेथ स्टेल्थ हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता खेचून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, वर पंखा). दुपारी टॅलीवर बिलं करायला बसलं की आपोआप बंद पडतो. तापमान बघितलं. नुसता सुरू असताना ७० च्या वर, जरा काम दिलं की ९५. या प्रोसेसरची कमाल मर्यादाच ९५ अंश. तिथे पोचला की तो आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद होते. नानांना इथे रायझन ५ ५६००जी टाकायचा आहे, म्हणजे जुना २२००जी काढावा लागणार. तो मला धडधाकट हवा आहे, कारण दुसऱ्या मशीनला त्याची गरज पडू शकते.

दुसरा वजनकाट्याच्या केबिनमधला. ए३२० चा बोर्ड आणि ॲथलॉन २००जीई प्रोसेसर. हा मला दोन तुकड्यांत मिळाला: बोर्ड वेगळा, आणि हीटसिंकला बुडाशी चिकटलेला प्रोसेसर एका कॅरीबॅगमध्ये. मागच्या हंगामात पंखा वाजतो म्हणून बाहेरून कोणाला तरी बोलावलं होतं. त्याने क्लिप सोडून हीटसिंक सरळ वर ओढला आणि प्रोसेसर सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या बैठकीतून, उपटून त्याच्यासोबतच आला. सॉकेटचा दांडा अजून खालीच आहे. लॉक असतानाच उपटला गेला. एका कडेच्या पिना आडव्या झाल्या आहेत.

नाना म्हणाले, "नवाच घेऊन टाकू का, भो?" मी थांबवलं. काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारी पेटी) जुन्या पद्धतीच्या सिरियल पोर्टवर आहे आणि या बोर्डाला तो पोर्ट आहे. नव्या मशीनला तो मिळेलच असं नाही, मग कन्व्हर्टरची भानगड, आणि जुनं वजनाचं सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळवून घेईल की नाही हा वेगळा प्रश्न. बोर्ड चांगला असेल तर तोच वापरायचा.

१५ मे

नानांचा पुतण्या पॉलिटेक्निकला आहे, सुट्टीत घरी आलाय, मदतीला बसतो. त्याने विचारलं, "दादा, लॉक केलेला प्रोसेसर उपटून येतोच कसा?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं काम यावरच उभं आहे.

या दोन्ही बोर्डांवर एएमडीचं एएम४ सॉकेट आहे. त्यात पिना प्रोसेसरला असतात, १३३१ पिना, चाळीस मिलिमीटरच्या चौकोनात. सॉकेटला नुसती भोकं. दांडा वर असताना पिना काही जोर न लावता भोकांत उतरतात. दांडा खाली केला की सॉकेटचा वरचा प्लास्टिकचा पत्रा किंचित बाजूला सरकतो आणि आतले संपर्क प्रत्येक पिनेला कडेने दाबून धरतात. म्हणजे ही पकड आडवी आहे. वरून प्रोसेसरला दाबून ठेवणारी लोखंडी चौकट इथे नाही.

आता हीटसिंककडे बघा. तो आणि प्रोसेसर यांच्या मधल्या, उष्णता पोचवणाऱ्या पेस्टमध्ये सिलिकॉनचं तेल आणि झिंक ऑक्साइडसारखी बारीक पूड असते. वर्षानुवर्षं तापून तेल निघून जातं आणि पूड घट्ट बसते. दोन गुळगुळीत धातूंच्या मधली हवाही गेलेली असते. ही पकड उभ्या ओढीला जबरदस्त आहे, सॉकेटच्या पकडीपेक्षा जास्त. म्हणून वर ओढलं की आधी सॉकेट सुटतं.

पण तीच पेस्ट आडव्या फिरवण्याला फार टिकत नाही, आणि गरम असेल तर आणखी कमी. शिवाय फिरवताना सॉकेटची आडवी पकड आपल्याच बाजूने असते, प्रोसेसर जागेवर राहतो. तापवायचं, फिरवायचं, मगच उचलायचं. पुतण्याला हे तीन शब्द पाठ झाले तरी माझं काम झालं.

इंटेलच्या डेस्कटॉपमध्ये २००४ च्या एलजीए ७७५ सॉकेटपासून पिना सॉकेटात गेल्या आणि प्रोसेसरवर लोखंडी चौकट आली. एएमडीने डेस्कटॉपला तसं केलं २०२२ मध्ये, एएम५ ला. माझ्याकडे येणाऱ्या एएमडीच्या मशीन अजून बहुतेक एएम४ च्याच असतात, आणि त्यातल्या एकाही मालकाला ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

१७ मे

५६००जी बोर्डाला ओळखू यायला बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) नवा लागतो, आणि तो जुना प्रोसेसर बसलेला असतानाच टाकावा लागतो. आधी काढून बसलो असतो तर नवा लावल्यावर पडद्यावर काहीच आलं नसतं. बोर्डाच्या कंपनीच्या यादीत कोणत्या आवृत्तीपासून हा प्रोसेसर चालतो ते बघितलं, फाइल पेनड्राइव्हवर घेतली. बायोस लिहिताना लाईट गेली तर बोर्डच जातो, आणि मे महिन्यात दुपारच्या लाईटचा भरवसा नाही. यूपीएसची बॅटरी आधी तपासली, मग सकाळी सहालाच काम उरकलं.

१८ मे

दोन्ही मशीन घरी आणल्या. जिनिंगच्या आवारात हे काम करायचं नाही हे मी नानांना स्पष्ट सांगितलं. वाळलेली पेस्ट सोडवायला मला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागणार आहे. ते साधारण १२ अंशालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडायला लागतं, आणि इथे सावलीत ४३ आहे. कोपऱ्याकोपऱ्यात रुई असलेल्या जागी ती बाटली उघडायची नाही.

ऑफिसची मशीन आडवी ठेवून झाकण काढलं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये रुई इतकी घट्ट बसली होती की वरून पाती दिसतच नव्हती. पंख्याच्या हवेने एकेक तंतू ओढत नेऊन तिथे थर दाबला होता. करडा, मधूनमधून सरकीच्या सालपटाचे काळे ठिपके. चिमट्याने टोक धरून ओढलं तर अख्खी चकती निघेल असं दिसत होतं. पण आत्ता काढली नाही. आधी मशीन तापवायची होती, आणि त्या कामाला हा थर उपयोगीच होता. (साफसफाईला पुतण्याने जिनिंगचा कॉम्प्रेसर सुचवला होता. नको. त्याच्या हवेत पाणी येतं, आणि दाब इतका की पंखा उलटसुलट गरगर फिरून त्याचे बेअरिंग जातं. मऊ ब्रश, आणि पंखा बोटाने धरून साधा ब्लोअर.)

पंधरा मिनिटं लोड देऊन चालवली. नव्वदच्या वर गेली. बंद केली, वायर काढली, पॉवरचं बटण दाबून धरून उरलेला चार्ज घालवला. हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावून ठेवला. उन्हाळ्यात हवा कोरडी, अंगावर स्थिर वीज सहज साठते.

रेथ स्टेल्थला चार स्प्रिंगवाले स्क्रू असतात. एकाच बाजूचे दोन आधी सोडले तर हीटसिंक तिरपा उचलला जातो आणि प्रोसेसरची एक कड ओढली जाते. म्हणून समोरासमोरचे, कर्णात, अर्धा अर्धा फेरा. शेवटचा स्क्रू सुटताना बोर्डामागची लोखंडी पट्टी मोकळी होते, ती आधीच चिकटपट्टीने धरून ठेवली होती.

मग फिरवायला घेतला. दोन्ही हातांनी हीटसिंकची कड धरून, खाली दाबही नाही, वर ओढही नाही, फक्त डावीकडे-उजवीकडे. हलला नाही.

मागून बघणारे नाना म्हणाले, "घाल ना पेचकस खालून, एका बाजूने उचक." मला हे इथे ठळकपणे लिहायचं आहे. पेचकस घालायचा नाही. हीटसिंकच्या खाली बोर्डावर केसाएवढ्या तांब्याच्या रेघा आणि बारीक कपॅसिटर आहेत. पेचकसाचं टोक टेकवायला दुसरी जागाच नाही, ते त्यांच्यावरच टेकणार. आणि तरफेने मिळणारा जोर उभाच असतो, म्हणजे जो नको तोच. दांडा आधी वर करून प्रोसेसर मोकळा करावा, तर तेही होत नाही. दांड्याला सरळ उभं व्हावं लागतं आणि वर हीटसिंक आडवा येतो.

स्क्रू पुन्हा हलके बसवले, मशीन पुन्हा तापवली. या वेळी बंद केल्यावर वेळ घालवला नाही. एका बाजूला थोडं वळवून तसंच धरून ठेवलं, मग दुसऱ्या बाजूला, पुन्हा धरून ठेवलं. झटका नाही, नुसता सलग ताण. चौथ्या-पाचव्या पाळीला बोटांना आधी जाणवलं आणि मग चट् असा बारीक आवाज आला. त्यानंतर हीटसिंक सहज फिरला. तरी लगेच उचलला नाही, आणखी थोडा फिरवून आडवा सरकवला आणि मग उचलला. प्रोसेसर सॉकेटमध्ये जागच्या जागी.

इथे काम संपायला हवं होतं, पण दांडा पूर्ण वर करूनही प्रोसेसर निघेना. भिंगातून बघितलं. ज्याने कोणी पेस्ट लावली त्याने ती हात सैल सोडून लावली होती. प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या टोपीवरून ओघळून ती कडेने सॉकेटपर्यंत गेली होती, आणि तिच्यात रुई मिसळून कडेने पांढरट, कडक शिवणच तयार झाली होती. पेस्ट साध्या पांढऱ्या प्रकारची, वीज न वाहणारी, एवढं एक बरं.

इथेही उचकायचं नाही. कापसाच्या काडीवर अल्कोहोल घेऊन चारही कडा भिजवल्या, नुसत्या ओल्या, ओघळ येऊ न देता. दहा मिनिटं थांबून प्लास्टिकच्या टूथपिकने शिवण खरवडली, ब्रशने पूड उचलली. मग दांडा खाली-वर, खाली-वर हळूहळू केला. दांड्याबरोबर सॉकेटचा वरचा पत्रा सरकतो, आणि त्या हालचालीने पिना आपोआप मोकळ्या होतात. बाहेरून जोर लावण्यापेक्षा सॉकेटचीच रचना वापरणं केव्हाही चांगलं. दांडा पुन्हा पूर्ण उभा केला, प्रोसेसरच्या समोरासमोरच्या कडा धरल्या, सरळ वर उचलला. आला. सगळ्या पिना सरळ रांगेत.

१९ मे

५६००जी बसवला. सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून नुसता ठेवला, आपल्याच वजनाने बसला. दाबावं लागलं असतं तर बसवलाच नसता. त्याच्यासोबत आलेल्या नव्या हीटसिंकला पेस्ट आधीच लावलेली होती. दुपारी खोलीत ४० अंश असतानाही पूर्ण लोडवर ७८ च्या वर गेला नाही. हे काम संपलं.

२१ मे

काट्याचा प्रोसेसर. हा जास्त अवघड, कारण इथे मशीन चालू करून तापवता येत नाही आणि धरायला सॉकेटही नाही. हातात आहे पातळ हिरवी पट्टी, तिच्या एका अंगाला पिना, दुसऱ्या अंगाला हीटसिंक.

तापवायला हेअर ड्रायर. हॉट एअर गन माझ्याकडे आहे पण ती वापरली नाही. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं आणि गन तीनशेच्या पुढे सहज जाते. ड्रायरने ॲल्युमिनियमच्या पात्यांकडून ऊब दिली, प्रोसेसरकडून नाही, हात जेमतेम टेकवता येईल इतकी. नानांच्या घरून निरोप होता की गच्चीवर उन्हात ठेवून द्या. गच्चीवर धूळ, वारा, आणि उष्णता पिनांच्या बाजूनेही लागणार. नको.

गरम असताना पट्टीच्या कडा रबरी हातमोजे घालून धरल्या आणि फिरवायचा प्रयत्न केला. इंचभर हीटसिंकही नीट धरता येईना, मग पट्टी काय धरणार. जास्त जोर लावला तर बोट घसरून पिनांवर जाणार हे दिसत होतं. थांबलो.

थंड होऊ दिलं. मग प्रोसेसर आणि हीटसिंकच्या फटीत ड्रॉपरने अल्कोहोल सोडलं आणि ते मुरू दिलं, कडेने उडून गेलं की पुन्हा. संध्याकाळपर्यंत हेच. हे करताना ड्रायर दुसऱ्या खोलीत. अल्कोहोल आणि तापलेली तार एकाच टेबलावर येऊ द्यायची नाही. पूर्ण सुकल्यावर, वास गेल्यावर, रात्री पुन्हा ड्रायर.

आणि मग दोरा. दात साफ करायचा नायलॉनचा दोरा दोन्ही हातांत ताणून फटीत घातला आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढला. इथे फट कोणती हे नीट बघायला हवं. दोन फटी दिसतात. एक हीटसिंक आणि धातूच्या टोपीच्या मध्ये, दुसरी टोपी आणि हिरव्या पट्टीच्या मध्ये. दुसरीत दोरा किंवा पातं गेलं तर चिकटवलेली टोपीच उचकटते आणि आतली चिप उघडी पडते. पुतण्या टॉर्च धरून होता, मी दोरा पहिल्या फटीत असल्याची दर वेळी खात्री करत होतो. कोपऱ्यापासून सुरुवात केली. दोरा तुटला की नवा. पांढरी पूड बाहेर येत राहिली. निम्म्याच्या पुढे गेल्यावर फिरवून बघितलं आणि प्रोसेसर हातात सुटून आला. पिना खाली टेकू नयेत म्हणून पुतण्याने स्पंजचा तुकडा आधीच घालून ठेवला होता, त्याचं कौतुक केलं पाहिजे.

२२ मे

पिना. एका कडेच्या दोन रांगा वाकलेल्या, त्यातल्या काही अगदी आडव्या. माझं भिंग कमी पडलं, म्हणून बाजारपेठेतल्या सोनार आबांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग दिलं, बारीक चिमटा दिला आणि स्वतःही बघितलं. म्हणाले, "सोन्याचा नुसता मुलामा आहे, भो. आत तांबं. ही तार एकदा वाकली, आता एकदाच सरळ कर. पुढेमागे करशील तर मोडेल. आमच्याकडे तार कडक झाली की तापवून मऊ करतो, तुला ते करता येणार नाही." यापेक्षा नेमकं मला कोणी सांगितलं नसतं.

कमी वाकलेल्या पिनांना ०.५ च्या पेन्सिलचं रिकामं नळीचं टोक, शिसं काढून. टोक पिनेवर चढवायचं आणि पेन्सिल हळूच उभी करायची. आडव्या झालेल्यांना आधी सुईने बुडाशी उचलून थोडी जागा केली, मग पेन्सिल. शेवटी जुन्या एटीएम कार्डाची पातळ पट्टी कापून रांगांच्या मधून उभी-आडवी फिरवली. जिथे कार्ड अडतं तिथली पिन अजून तिरकी. आबांच्या दुकानातच बसलो, कारण दिवा तिथलाच चांगला होता. एकही मोडली नाही.

२४ मे

ॲथलॉन सॉकेटमध्ये आपणहून उतरला. मशीन सुरू झाली. पण रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या असून बायोसमध्ये फक्त ४ दिसतात. पट्ट्या अदलाबदल केल्या, तरी तोच स्लॉट मुका. दोष स्लॉटमध्ये, सॉकेटमध्ये की प्रोसेसरमध्ये? रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे एखादी पिन संपर्क करत नसेल तर असंच होतं. खात्रीसाठी ऑफिसमधून काढलेला २२००जी इथे लावला. पूर्ण ८ दिसले. म्हणजे बोर्ड आणि सॉकेट चांगले, ॲथलॉनची एखादी पिन आतून गेली आहे.

४ जीबीवर काट्याचं सॉफ्टवेअर चालतं, नानांनी तेच विचारलं. माझं मत मी सांगितलं: जी पिन आज अर्धवट आहे ती हंगामात कधी पूर्ण जाईल सांगता येत नाही. त्या वेळी काट्यावर ट्रॅक्टर उभा असेल, मागे रांग असेल, आणि ज्याचा वर्षाचा कापूस ट्रॉलीत आहे तो पावतीची वाट बघत असेल. तिथे शंका असलेला भाग ठेवायचा नाही. नाना म्हणाले, "हाव, बरोबर आहे." २२००जी काट्यावर राहील.

२६ मे

ॲथलॉन ३५ वॉटचा होता, २२००जी ६५ वॉटचा. जुना क्लिपवाला छोटा हीटसिंक पत्र्याच्या केबिनमध्ये पुरणार नाही. म्हणून ऑफिसमधला जुना रेथ स्टेल्थ धुऊन, वाळवून इथे आणला. त्यासाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन क्लिपचे कंस काढावे लागले, स्क्रू थेट मागच्या पट्टीत जातात. टोपी आणि हीटसिंक अल्कोहोलने पुसून, हरभऱ्याच्या लहान दाण्याएवढी पेस्ट मध्यभागी. पसरवली नाही, दाबाने पसरते. स्क्रू पुन्हा कर्णात, अर्धा अर्धा फेरा.

काट्याचा इंडिकेटर जोडला, रिकाम्या पिकअपचं वजन घेतलं, पडद्यावर आणि इंडिकेटरवर आकडा एकच. पावतीही निघाली.

कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला आतून मच्छरदाणीचं नायलॉन कापड लावलं आहे. रुई आता तिथेच अडेल. हंगामात दर शनिवारी ते काढून झटकायचं, हे काम पुतण्याने काट्यावरच्या माणसाला दाखवून दिलं. ॲथलॉन स्पंजवर ठेवून डबीत घातला आहे, डबीवर "एक रॅम स्लॉट चालत नाही" असं लिहून. दोन्ही कॅबिनेटच्या झाकणाला आतून कागद चिकटवला: पेस्ट कधी लावली ती तारीख, आणि खाली, हीटसिंक काढण्याआधी मशीन पंधरा मिनिटं चालवा, फिरवा, ओढू नका. पेस्ट पुन्हा बदलायची ती दोन हंगामांनंतर, जिनिंग बंद झाल्यावर.